लोंबतं ते ओढतं

माझ्या लग्नात धोंडोजीअण्णांनी माझ्या मुंडावळ्या कापल्या. भटजी होम पेटवायच्या तयारीत, मी पाटावर मान खाली घालून बसलेलो, आणि मागून कात्रीचा आवाज आला. आधी उजव्या कानाशी, मग डाव्या. मोत्यांच्या सरी मांडीत पडल्या. "खाली विस्तव आणि वर हे लोंबतंय," अण्णा भटजींना म्हणाले, "लोंबतं ते ओढतं. आता चालू द्या तुमचं." माझी सासू पुढे वर्षभर माझी तब्येत विचारायची. काळजीने नव्हे, अपशकुन फळतोय का ते बघायला.

अण्णा आमचे शेजारी. बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. दोन्ही घराणी कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर घोड्यावरून इथे उतरली, असं घरात सांगतात. पुढे त्या घराण्यांचे आम्ही दोन वारस कंपनीच्या बसने बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत जाऊ लागलो. पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या एका कारखान्यात मी हजेरी कारकून आणि अण्णा मेंटेनन्सचे फिटर. पट्टे, चाकं, दाते, जे जे म्हणून फिरतं, त्याच्यावर लोखंडी जाळी बसवायची आणि ती जागेवर आहे ना ते बघायचं, हे त्यांचं काम. कात्री कंपनीने दिली नव्हती. ती त्यांची स्वतःची.

ती सदैव वरच्या खिशात असायची आणि तिच्या शेजारी सेफ्टी पिनांचा झुपका. बसमध्ये चढणाऱ्या बाईचा पदर सुटा दिसला की अण्णा पिन पुढे करायचे. "अक्का, स्वल्प आवरून घे." नव्या इंजिनिअरच्या गळ्यातली ओळखपत्राची फीत त्यांनी पहिल्याच दिवशी कापली आणि कार्ड त्याच्या खिशात घातलं. त्याला वाटलं, नोकरीवरूनच काढलं. देवळातल्या घंटेची दोरीसुद्धा त्यांनी एकदा आखूड केली होती. तेव्हापासून आमच्या गल्लीत देवाला फक्त उंच माणसं उठवतात.

घरात तोच कायदा. अण्णांची बायको पार्वतीअक्का होत्या तोवर त्यांचं मंगळसूत्र जन्मभर पिनेने टाचलेलं होतं. त्या गेल्या तेव्हा ते काढताना बायकांना आधी पिन सापडेना. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर अण्णा जास्तच कापू लागले आणि आम्ही जास्तच हसू लागलो. एकट्या माणसाचं खूळ सगळ्यांच्या करमणुकीचं असतं.

खरी मजा यायची खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला. त्या दिवशी कारखाना धुतात, यंत्रांना हळदकुंकू लावतात, झेंडूच्या जाडजूड माळा घालतात आणि दारात कोहळा फोडतात. यंत्र धुवायचं म्हणून आदल्या दिवशी जाळ्या उतरवतात. माळ एकदा घातली की ओढून काढायची नाही, ती आपली सुकून गळायला हवी, नाही तर यंत्र वर्षभर रुसतं, असं सगळे मानतात. अण्णा मात्र प्रसादाचे चुरमुरे तोंडात असतानाच कात्री घेऊन निघायचे आणि एकेका यंत्राची माळ उतरवायचे. मग स्वतःच्या हाताने जाळ्या चढवायचे आणि मगच घरी जायचे. कामगार शिव्या घालायचे. थोरले मालक म्हणायचे, "जाऊ दे, त्याचा देव वेगळा आहे."

थोरले मालक गेले. धाकट्यांनी पुण्याहून मॅनेजर आणला. माणूस मराठी, पण मराठी फक्त क्रियापदांपुरती. त्या वर्षी पूजेच्या आधी मॅनेजरांनी सगळ्यांसमोर हात पुढे केला. "अण्णा, ती कात्री द्या बघू. वर्कर्सचे सेंटिमेंट्स हर्ट होतात. आणि त्या जाळ्या जरा पेंट करून घेऊ, फार शॅबी दिसतात."

"पेंट करा, साहेब. सरी, चालेल. पण जाळीशिवाय मशीन सुरू करायचं नाही," अण्णा म्हणाले.

"अहो, मला कळतं ना तेवढं."

कात्री मॅनेजरच्या टेबलाच्या खणात गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही परतलो तेव्हा जाळ्या रंगून स्टोअरमध्ये उभ्या होत्या, चांगल्या चकचकीत. माल मात्र त्याच दिवशी जायचा होता. अण्णा पत्रा ठोकणाऱ्या मोठ्या प्रेससमोर आडवे उभे राहिले. तिचं चाक बाजूने उघडं, पट्टा उघडा आणि वर झेंडूची माळ. "आधी जाळी, मग बटण," एवढंच ते म्हणत राहिले. मॅनेजरांनी आरडाओरडा केला नाही. शिकलेला माणूस. त्यांनी एक फोन केला आणि अण्णांना गोड आवाजात सांगितलं, की शहराच्या दुसऱ्या टोकाला धाकट्या मालकांच्या हेब्बाळच्या घरी पाण्याचा पंप बिघडलाय, अण्णाच पाहिजेत, गाडी बाहेर उभी आहे. अण्णांनी जाताजाता माळेला हात घातला, तेव्हा दोघांनी त्यांना हसत हसत धरून गाडीत बसवलं. पंपात काही बिघाड नव्हता. बटण बंद होतं.

इकडे प्रेस सुरू झाली. तिच्यावर मंजुळा होती. आमच्याकडची जुनी कामगार, हाताची चपळ, तोंडाने त्याहून. पंख्याच्या वाऱ्याने माळ हलली, टोक पट्ट्यात गेलं. देवाची फुलं चिरडतात म्हणून तिने ती सोडवायला हात घातला. पूर्वी माळा केळीच्या सोपटाच्या धाग्यात बांधत, ओढली की तुटायची. आता नायलॉन असतो. तो तुटत नाही. माळेचा वेढा मनगटावर बसला आणि चाकाने हात ओढून नेला. उजवा पंजा गेला.

चौकशी बसली. मी हजेरीचे कागद घेऊन कोपऱ्यात होतो. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "कंपनीने अवेअरनेसमध्ये काही कमी केलं नाही. आमचे अण्णा इतकी वर्षं ओरडून सांगतायत, लोंबतं ते ओढतं. या बाईंनी ऐकलं नाही. पदर लोंबत असणार." जन्मभर ज्या वाक्याला सगळे हसले, ते त्या दिवशी पहिल्यांदा गंभीरपणे कोणी घेतलं. आणि घेतलं ते असं.

अण्णा उठले. "पदर मी टाचला होता. बसमध्ये, सकाळी, या हाताने. लोंबत होती ती तुमची माळ, साहेब. आणि जाळी तुमच्या स्टोअरमध्ये होती."

अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असंच आलं. अण्णांच्या वाट्याला महिन्याभरात शाल, नारळ आणि निवृत्ती आली. निरोपाला मॅनेजरांनी गळ्यात हार घातला आणि मोठ्या मनाने कात्रीही परत केली. आता हे हार कापणार म्हणून लोक मोबाइल काढून तयार. अण्णांनी हार दोन्ही हातांनी उतरवला, धागा बोटांनी ताणून बघितला, पुन्हा ताणून बघितला आणि निघून गेले. लोकांची निराशा झाली.

मंजुळाने आमच्या बसस्टँडाजवळ फुलांची गाडी लावली. नवऱ्याने आधीच काढता पाय घेतला होता. पण फुलं बांधणं हे दोन हातांचं काम. दुसऱ्याच आठवड्यात अण्णा तिच्या शेजारी बाकड्यावर बसलेले दिसले. ज्यांनी आयुष्यभर माळा कापल्या, ते माळा बांधत होते. ती डाव्या हाताने फुलं जुळवून पुढे करायची, अण्णा गाठ मारायचे. नायलॉन त्यांनी पहिल्याच दिवशी गटारात टाकला. केळीचं सोपट कुठून कुठून आणतात, भिजवतात आणि त्याचे धागे सोलतात. त्यामुळे त्यांच्या माळा जगात सगळ्यात कच्च्या. रिक्षावाले भांडत परत येतात, "काय अण्णा, बांधेपर्यंत तुटली!" अण्णा म्हणतात, "तुटायलाच केलीय ती. घे दुसरी." मंजुळा कपाळ बडवते. "हे माझा धंदा बुडवणार बघा," असं मला कन्नडमध्ये सांगते आणि दुपारी स्वतःच्या डब्यातली मुद्दे, म्हणजे नाचणीचा उंडा, आधी त्यांच्या ताटात वाढते. अक्का गेल्यावर त्यांना जेवा म्हणणारं कोणी नव्हतं. शेजारी राहून मीसुद्धा नाही.

यंदा खंडेनवमीच्या माळा आणायचं काम माझ्याकडे आलं. मी सरळ त्या गाडीवर गेलो. "कारखान्याला पाहिजेत, अण्णा. सगळ्या मशीनांना."

मंजुळाने माझ्याकडे बघितलं नाही. टोपलीतली फुलं निवडत राहिली.

"तम्मा," अण्णा म्हणाले. मी त्यांच्याहून लहान, म्हणून ते मला धाकट्या भावासारखं तम्मा म्हणतात. "त्या प्रेसला जाळी बसवली?"

जाळी पुन्हा स्टोअरमध्येच होती. पुन्हा रंगवलेली. तिच्यामुळे हात अडतो, माल कमी निघतो, असं मॅनेजरांचं म्हणणं होतं, आणि त्या प्रेसवर आता दुसरी बाई उभी होती. मला त्या माणसाची, त्या रंगाची, त्या टाळ्यांची अशी चीड आली की तोंडात थुंकी जमली. पण खोटं बोलवेना.

"नाही, अण्णा."

मंजुळाचा हात थांबला. मग तिने फुलांची पुढची जोडी डाव्या हाताने पुढे केली. अण्णांनी ती लगेच घेतली नाही. आधी बोटांतला धागा नखाने उभा चिरला, अर्धा फेकून दिला, आणि उरलेल्या अर्ध्यात गाठ मारायला घेतली.