चूक पकडणाऱ्याला खडू

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. गव्हाणे सरांच्या गमती मात्र सगळ्यांना सांगत आलो. त्यात माझा जो वाटा होता, तेवढा वगळून.

गव्हाणे सर दिवसातून निदान पाच वेळा चुकायचे, आणि मुद्दाम चुकायचे.

बिडकीनजवळच्या मेंढपाळांच्या एका वस्तीवर आमची चौथीपर्यंतची शाळा होती. मी मुख्याध्यापक, ते सहशिक्षक, आम्ही दोघंच. सर फळ्यावर गणित सोडवता सोडवता नऊ साते एकसष्ट लिहायचे. मग डावा हात सदऱ्याच्या खिशात घालून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. "कायतरी हुकलं वाटतं," असं पुटपुटायचे. वर्गात चुळबूळ सुरू व्हायची. शेवटी कोणीतरी म्हणायचं, "सर, त्रेसष्ट." लगेच खिशातून कोरा खडू निघायचा. चूक पकडणाऱ्याने तो घ्यायचा आणि फळ्याशी जाऊन दुरुस्ती करायची. सर हात जोडायचे. "लई उपकार झाले बघा."

हा खेळ वर्गापुरता राहिला असता तर ठीक होतं. बुधवारी सकाळी मला विचारायचे, "आज मंगळवार ना, सर?" मनगटावरचं घड्याळ कायम वीस मिनिटं मागे. एकदा शाळेच्या कामासाठी आम्ही शहरात गेलो, तर क्रांती चौकात उभं राहून रिक्षावाल्याला म्हणाले, "क्रांती चौकात सोडता का?" त्याने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "चाचा, वहींच तो खडे आप." सर खूश. "बघितलं का, कसा फुलला गडी."

त्यांच्या बायको मला म्हणाल्या होत्या, "लग्नात हे माझ्याऐवजी करवलीपुढं हार घेऊन उभे राहिले. मामानं धरून वळवलं. ती चूक खरी का खोटी, अजून सांगत नायत."

एकदा चिडून मी सरांना कारण विचारलं. ते स्वतः मेंढपाळाच्या घरातले. नवव्या वर्षी शाळेत आले. पहिल्याच आठवड्यात एक उत्तर चुकलं, आणि मास्तरांनी सगळ्या वर्गाला हसायला लावलं. पुढे वर्षभर त्यांनी तोंड उघडलं नाही.

"चुकायला भिणारं पोरगं बोलतच नाय, सर. मग त्याला काय येतं ते कळायचं कसं? म्हणून आधी मास्तरानं चुकायचं."

मी हसलो. माझं मत ठरलेलं होतं. ही मुलं दिवाळीनंतर मेंढरांमागे जाणार; बेरीज-वजाबाकी आली तरी पुष्कळ. मी तेवढंच शिकवायचो. माझ्या वर्गाला तेवढंच यायचं, आणि माझं मत आणखी पक्कं व्हायचं.

मग दुष्काळाचं ते वर्ष आलं. वस्तीला टँकरचं पाणी. सरांच्या वर्गात सरू नावाची मुलगी होती, दोन वर्षांत अवाक्षर न बोललेली. सरांनी गणित घातलं: दहा हजार लिटरचा टँकर, ऐंशी घरं, घराला किती पाणी? उत्तर लिहिलं, दोनशे लिटर. हात खिशात गेला.

"दोनशे नाय, सर," मागून आवाज आला. "एवढं कुठं मिळतंय? सव्वाशे."

त्या दिवशी सर घरी जाताना शीळ घालत होते. त्यानंतर सर रजेवर असताना मी त्यांचा वर्ग घेतला, की सरू माझ्याही चुका पकडू लागली. त्या मुद्दाम केलेल्या नसायच्या.

उन्हाळा लागायच्या आधी तपासणीला साहेब आले. सरांना मी आदल्या दिवशी विनवलं होतं, "उद्या तेवढं बरोबर लिहा."

"साहेबापुढं चूक पकडली, तर पोरं कुणालाच भिणार नायत," ते म्हणाले.

त्यांनी चूक केली. सरू उठली, फळ्याशी गेली, खडू मागितला आणि आकडा दुरुस्त केला. सरांचा चेहरा असा उजळला होता की मला आजही दिसतो. साहेब हसले. "पोरीला कळतं, मास्तराला कळत नाही. काय हो मुख्याध्यापक, हे नेहमीचंच का?"

सर माझ्याकडे वळले. एका वाक्यात खुलासा झाला असता. पण माझा शहरातल्या शाळेसाठी बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता.

"नेहमीचंच, साहेब. मी समज देत असतो."

अहवालात 'विषयाचे ज्ञान कच्चे' असं लिहिलं गेलं. खाली माझी सही आहे. सरांना पहिली-दुसरीचा वर्ग आणि टँकरच्या रांगेवर देखरेख, तिसरी-चौथी माझ्याकडे. आपल्यामुळेच सरांचा वर्ग गेला, असं सरूने मनाशी धरलं. पुढच्या महिन्यात तिची वही तपासताना माझ्याच हातून फळ्यावर झालेली एक चूक मला सापडली. तिने ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती.

जूनमध्ये माझी बदली झाली.

बऱ्याच वर्षांनी मी सरांना भेटायला बिडकीनला गेलो. वस्तीच्या बाजूने कारखान्यांचे रुंद रस्ते झाले होते. सर मुलाकडे राहत होते, थकले होते, बायको गेल्या होत्या. चहा आला. माझ्या नातवंडांची चौकशी झाली. मग म्हणाले, "त्या दिवशी साहेबापुढं तुम्ही माझी बाजू लई चांगली मांडली, सर. मी इसरलो नाय."

आणि डावा हात सदऱ्याच्या खिशात घालून ते खिडकीबाहेर बघू लागले.

सर किती वेळ थांबू शकतात, ते मला माहीत होतं. माझा चहा संपला, तरी ते थांबले होते.

"चहा छान झालाय," मी म्हणालो.

थोड्या वेळाने हात खिशातून बाहेर आला. रिकामा. फाटकापर्यंत पोचवायला आले, तेव्हा म्हणाले, "परत या, सर. घाई नाय."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांना भेटायला गेलो, त्या दिवशी मी घरून एकच वाक्य पाठ करून नेलं होतं: सर, मी खोटं बोललो, मला माफ करा.