केळ्याला विचारणारे सुपडू नाना

हेल्मेटच्या दुकानात लोक पाकीट घेऊन जातात. आमचे सुपडू नाना पिकलेलं केळं घेऊन जातात.

एका खिशात केळं, दुसऱ्या खिशात घरच्या खलातला बत्ता. दुकानदार गुडघ्याचं पॅड दाखवतो, "नाना, एकदम फॉरेनसारखं!" नाना खिशात हात घालतात. केळं काउंटरवर ठेवतात, त्यावर पॅड, आणि वरून बत्त्याचा दणका. मग पॅड उचलून वाकून बघतात. केळं शाबूत, तर माल पास. साल फाटली तर, "हे राहू द्या भो. याच्यापेक्षा माह्या बायकोची गोधडी बरी."

दुकानदार भाव सांगतो, कंपनी सांगतो, चकचकीत स्टिकर दाखवतो. नानांचं एकच, "मले काय सांगून राह्यला? केयाले इचार!" नाना रावेरकडचे, केळीचे शेतकरी, आता जळगावात आमच्या गल्लीत राहतात. त्यांच्या तोंडात केळ्याचं केयं होतं.

मी भिका. नानांच्या केळीच्या गाडीवर ड्रायव्हर. चार चाकांवर माझ्यासारखा माणूस नाही. दोन चाकांवरही माझ्यासारखा नाही, पण ते वेगळ्या अर्थानं. मी उभ्या बाईकवरून पडलेलो आहे. स्टँडवर लावलेल्या.

मला एकदा हौस आली. प्रदर्शनातून बाईकचं जॅकेट आणलं. पाठीवर वाघ, खांद्याला फुगीर पॅड. घालून गल्लीत तीन फेऱ्या मारल्या. नानांनी हाक मारली, जॅकेट काढायला लावलं, खांद्याच्या पॅडखाली केळं सरकवलं आणि ठेवून दिला बत्ता. पॅड उचललं तर खाली शिकरण! फक्त दूध-साखर टाकायची बाकी.

"हा तुहा खांदा," नाना त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"आन पाठीवरचा वाघ?"

"तो पयून जाईन. तू राहशीन रोडवर."

तेव्हापासून माझी खरेदी नाना करतात. जळगावच्या उन्हात रोज वापरायचं तर जाळीचं जॅकेट, वारा आरपार गेला पाहिजे. कोपर, खांदा, पाठ, तिन्हीकडं केळं पास झालेलं पॅड. बूट घोट्याच्या वर. हातमोज्याला तळहातावर जाड थर, कारण "पडल्यावर मानूस पह्यले हात टेकते." हेल्मेट घालून मुंडी हलवायची. मुंडी फिरली आणि हेल्मेट जागेवरच राहिलं, तर ते हेल्मेट नाही, घमेलं. माझं हेल्मेट गालाला इतकं गच्च की त्यात माझं तोंड मासोळीसारखं होतं. बोलायला येत नाही. नाना म्हणतात हा फायदाच.

स्वतः नाना भर मेमध्ये हे सगळं अंगावर चढवून कोथिंबीर आणायला जातात. पोरं हसतात. पण एवढं सगळं कशासाठी चाललंय, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांसाठी.

अक्का म्हणजे नानांची बायको. चार वर्षांपूर्वी दोघं बाईकवरून मुक्ताईनगरला, अक्कांच्या माहेरी निघाले होते. वाटेत कुत्रं आडवं आलं. नानांना खरचटलं, अक्कांचं मनगट मोडलं. हाड जुळलं, अक्कांनी एकदा बसूनही बघितलं, पण त्यानंतर त्या काही गाडीवर बसेनात. माहेरी जायचं तर एसटीनं. आणि एसटीच्या मागं, धुरात, पूर्ण चिलखत घालून बाईकवर नाना! कंडक्टरला आधी वाटलं, तपासणीवाला साहेब पाठीशी लागला.

नानांनी अक्कांच्या मापाचं जॅकेट, पँट, हेल्मेट, सगळं एकेक करून जमवलं. अक्का बघायच्यासुद्धा नाहीत. "आधी माहा बत्ता ठेवा जागेवर. चटनी काय कपायानं कुटू?"

शेवटी नाना हट्टाला पेटले तेव्हा अक्का म्हणाल्या, "असेच कपडे घालून कोनी माह्यासमोर पडून दाखवा. मंग बसीन."

नानांनी माझ्याकडं बघितलं. अक्कांनीही बघितलं. अख्ख्या जिल्ह्यात या कामाला दुसरा माणूस कोण?

तेवढ्यात धुळ्याच्या बाहेर बाईकवाल्या पोरांनी ट्रॅकवर गाडी पळवायचा दिवस ठेवला. शिकवायला एक सर, पूर्ण गिअर, म्हणजे हेल्मेटपासून बुटापर्यंत सगळं, अंगावर असेल तरच आत. काय सांगू, मला आदल्या रात्री झोप नाही! पोरं चामड्याचे सूट घेऊन आली होती. भाड्यानंही मिळत होते, म्हणून मी एक घालून बघितला. चेन पोटापर्यंत आली आणि तिथंच बसली. दोघांनी दोन बाजूंनी ओढली, मी श्वास आत घेतला, तरी पोट काही आत जायला तयार नाही. मग आपलं जाळीचंच जॅकेट, पँटला चेननं जोडलेलं. सरांनी ओढून बघितलं, पॅड दाबलं, म्हणाले, "चालेल. कोणी निवडलं?"

"केयानं," मी म्हणालो.

अक्का एसटीनं आल्या होत्या. नाना अर्थात मागं, अक्कांचं जॅकेट-हेल्मेट गाडीला बांधून. दोघं कठड्यापाशी उभे राहिले आणि मी सुटलो. अहाहा! सरळ ट्रॅक, ना म्हैस, ना खड्डा, ना समोरून उलटी येणारी रिक्षा! जन्मात पहिल्यांदा मी वळणावर वाकलो आणि गाडी माझं ऐकत होती. एक फेरी झाली, दुसरी झाली. पडायला आलोय हे मी विसरूनच गेलो. कठड्यापाशी अक्का ओरडल्या, "अरे भिका, पडतो का कसा? माही एसटी जाईन!"

तिकडं बघायला मान वळवली, आणि झालं. गाडी एकीकडं, मी एकीकडं. घसरत घसरत गवतात. वर आभाळ दिसलं. हात हलवले, पाय हलवले. सगळं जागेवर. मला तर हसूच यायला लागलं.

मी उठायच्या आत नाना पोचले होते. कठडा कसा ओलांडला देव जाणे. त्यांनी माझं मनगट धरलं, मग कोपर, खांदा, गुडघा, एकेक हाड चाचपत होते.

"नाना, गुदगुल्या होतात!"

ते हसले नाहीत. ज्या जॅकेटासाठी चार वर्षं दुकानं पालथी घातली, त्याच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. हात लटलट कापत होते, ओठ पांढरे. अक्का चालत आल्या तेव्हा नाना खाली बघूनच म्हणाले, "तू एसटीनंच जात जाय. माह्याच्यानं नही व्हनार."

मी अंगावरचं गवत झटकत बसलो.

अक्का म्हणाल्या, "मले मालूम हाय. हात बरा झाल्यावर एकडाव बसली होती नं मी? तुमचं हँडल असंच कापत होतं. माहं हाड कवाच जुयलं होतं. तुमची ती थरथर पाह्यवली नही, म्हनून एसटी धरली मी."

नानांनी तेव्हा कुठं माझा गुडघा सोडला.

"आना ते हेल्मेट," अक्का म्हणाल्या.

नानांना पट्टा लावायला फार वेळ लागला. अक्का हनुवटी वर करून शांत उभ्या राहिल्या.

मग दोघं जळगावकडं निघाले आणि त्यांच्या मागं मी. नाना इतके हळू की एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. पारोळ्याच्या पुढं अक्का वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. दोन हेल्मेटं आणि वारा, नानांना काय ऐकू आलं असणार? पण त्यांनी जोरात मान हलवली, आणि गाडी जरा पळायला लागली.