न्युरेम्बर्ग येथील काव्यनियंत्रण

कविता करणे ही मनुष्यजातीची जुनी खोड असून तिच्यावर औषध नाही. फार तर नियम करता येतात. न्युरेम्बर्गने हे पाचशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. तिथले मोची, शिंपी, पाववाले तेव्हा नियमावलीबरहुकूम कविता रचत. कवी खुर्चीत बसून गाई आणि पडद्याआडचा तपासनीस पाटीवर खडूने चुका मांडी. सातांहून जास्त झाल्या, की कवीने मुकाट्याने उठायचे.

हे एका माहितीफलकावर वाचताना शशिधरचे डोळे पाणावले. तो मोटारींचे ब्रेक तपासणारा इंजिनियर होता आणि नऊ वर्षे इथल्या मराठी मंडळाच्या कविसंमेलनात श्रोता होता. (सभासद शेहेचाळीस. पैकी कवी चव्वेचाळीस, एक तान्हे बाळ, एक शशिधर.) त्याने हीच पद्धत मंडळापुढे मांडली. ठराव एकमताने संमत झाला, कारण नियम इतरांसाठी आहे याबद्दल प्रत्येकाची खात्री होती.

रविवारी तीन वाजता शशिधर पडद्याआड बसला (पडदा बाथरूमचा, बदकांचा). गौरांगच्या विरहगीतात शीर्षकातच तीन चुका निघाल्या. अरुंधतीताईंनी ‘बर्फ’ला ‘सर्प’ जुळवला. राजाभाऊ तर दुसऱ्याच ओळीत बाद झाले.

“यमक मी मानत नाही!” ते गरजले.

“गेनाऊ, अगदी बरोबर! पण नियमावली मानते, राजाभाऊ,” पडदा नम्रपणे म्हणाला.

बाद झालेला कवी कोट चढवून तडक घरी जाई. साडेचारपर्यंत त्रेचाळीस कवी निकालात निघाले. वडे अजून गरम होते. असे मंडळात पूर्वी कधी घडले नव्हते.

उरली फक्त उल्का, शशिधरची बायको. यजमानीणबाई म्हणून तिने आपला नंबर शेवटी ठेवला होता. समोर रिकाम्या खुर्च्या. तरी ती उभी राहिली आणि परक्या गावातल्या पहिल्या हिवाळ्यावरच्या बारा ओळी तिने म्हटल्या. शशिधरचा खडू हातातच राहिला. लग्नाला अकरा वर्षे झाली होती. ती त्या हिवाळ्यात रोज रडायची, हे त्याला आज कळले.

तो पडदा सारून बाहेर आला. “एकही चूक नाही गं.”

“हो? आणि ऐकलं कोणी?”

“मी.”

“तू तपासलंस, शशी.”

पुढच्या सभेत तपासनीसाचे पद रद्द होऊन श्रोत्याचे पद निर्माण झाले. पात्रता: मराठी समजावे, स्वतःची कविता नसावी, पूर्वी दुसऱ्याची तपासलेली नसावी. चार महिने जाहिरात फिरते आहे. अर्ज एकही नाही. वाचकहो, आपण अवश्य अर्ज करावा. फक्त सोबत ती आपली वही आणू नये.