डबा नंबर सतरा

“आजपासून या घरात प्लास्टिक औषधालाही सापडणार नाही!” अण्णांनी गर्जना केली. तोंडात प्लास्टिकचा ब्रश असल्यामुळे ती थोडी बोबडी झाली.

गरम जेवण प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं की त्यातली रसायनं अन्नात उतरतात, हे त्यांनी वाचलं होतं. बायकोनं ते मुकाट्यानं स्टीलच्या पातेल्यात ठेवायला सुरुवातही केली होती. पण उभा जन्म सरकारी दप्तर सांभाळलेल्या माणसाचं तेवढ्यानं कसं भागणार? एकजात बरण्या भंगारात गेल्या. काच अण्णांच्या हातात टिकत नसे, म्हणून स्टीलचे एकसारखे चोवीस डबे आले. नावं चिकटवावीत तर चिकटपट्टी प्लास्टिकची! मग अण्णांनी खिळ्यानं नंबर कोरले आणि कशात काय आहे ते नोंदवहीत उतरवलं.

शनिवारी लेकीच्या सासूबाई पहिल्यांदाच घरी यायच्या होत्या. “बाबा, आमची अब्रू तुमच्या हातात आहे,” लेकीनं फोनवर बजावलं.

शनिवारी विहीणबाई येऊन बैठकीत बसल्या, तसे अण्णा स्वयंपाकघरात शिरले. “चहा मीच करणार,” ते म्हणाले.

“अहो, पण वही कुठाय?” बायकोनं विचारलं.

वहीला प्लास्टिकचं कव्हर होतं. सकाळच्या शेवटच्या झडतीत ती अण्णांच्याच हातून भंगाराच्या पोत्यात गेली होती.

“वही कशाला? सगळं डोक्यात आहे. साखर, डबा नंबर सतरा!”

“उघडून नीट बघा तरी.”

“तू बाहेर जाऊन बस. विहीणबाई एकट्या आहेत.”

चष्मा बैठकीतच राहिला होता. सतरा नंबरात पांढरे दाणे दिसले. अण्णांनी सढळ हातानं चार चमचे घातले, खसाखसा ढवळलं आणि ट्रे घेऊन ऐटीत बाहेर आले.

“अगंबाई, फेस काय सुरेख आलाय!” विहीणबाई म्हणाल्या.

“हातगुण!” म्हणत अण्णांनी मोठा घोट घेतला. ओठांवर एक बुडबुडा आला, फुगला आणि फुटला. विहीणबाईंनी कप तोंडाशी नेला होता.

पाहुणीची तब्येत की आपली लाज? अण्णांनी मान वळवून आपला घोट कुंडीत थुंकला.

“थांबा! पिऊ नका! त्यात... रसायनं आहेत.”

“कसली हो?”

“कपडे धुण्याची,” अण्णा पुटपुटले.

बायकोनं पदर तोंडाला लावला. विहीणबाईंनी कप हळूच ट्रेमध्ये ठेवला.

“दुसरा करतो. आत्ता करतो!”

“नको, व्याहीबुवा, मला नुसतं पाणी द्या,” त्या समजुतीनं म्हणाल्या. “फक्त पहिला घोट तुम्ही घ्या.”