चाळीस हजार घरगुती संगणक

“आकडा हाती आला की लिहून घ्यायचा. तू कुठून आलास, असं त्याला विचारायचं नाही, त्याला वाईट वाटतं,” असं साहेब निवृत्त होताना सांगून गेले होते. घरगुती संगणकांच्या विक्रीचा इतिहास लिहिणाऱ्या त्या कार्यालयात हा नेम आजही सगळे पाळतात. म्हणूनच तिथे कधी भांडण होत नाही.

श्रद्धेशिवाय जगात काही टिकत नाही, विक्रीचे आकडे तर नाहीतच. संशोधक बाईंच्या वाट्याला आलेलं मॉडेल (टीव्हीला जोडायचं, कॅसेटवर चालणारं) चाळीस हजार खपलं, असं तीन ठिकाणी छापलेलं होतं. मासिकाने ते ग्रंथातून घेतलं होतं, ग्रंथाने स्मरणिकेतून आणि स्मरणिकेने मासिकातून. इतकं एकमत सख्ख्या भावांतही आढळत नाही.

बाईंनी मुकाट्याने लिहूनही घेतलं असतं. पण त्यांच्या मामांनी त्या काळी याच संगणकाचं दुकान काढलं होतं. वर्षभरात सात खपले. (सातवा मामींच्या भावाने घेतला, भिडेखातर.) देशभर चाळीस हजार गेले, तुमच्याकडेच काय अडचण आहे, असं कंपनीचं पत्र आलं आणि मामांनी दुकान बंद केलं. तेव्हापासून दूध उतू गेलं तरी मामी म्हणतात, साऱ्या देशाला जमलं, यांना तेवढं जमलं नाही.

“बाकीच्यांनी विकले गं,” एक्याऐंशी वर्षांचे मामा परवा म्हणाले. “माझ्यातच काहीतरी कमी होतं.”

“मामा, खरे किती खपले ते मी मोजून सांगते,” बाई म्हणाल्या.

त्यांनी बंद पडलेल्या कंपनीची विक्रीची वही मिळवली. कंपनीची पद्धत साधी आणि आनंदी होती: ट्रक फाटकाबाहेर पडला की विक्री झाली. न खपलेला संगणक दुकानदार परत पाठवी. कंपनी तो पुसून, नव्या खोक्यात घालून दुसऱ्या दुकानी धाडी आणि पुन्हा विक्री मांडी. दोनशे चौदा क्रमांकाचा संगणक असा अकरा वेळा खपला होता. (घर मात्र त्याने एकही पाहिलं नाही.) कारखान्यात मुळात बनलेच होते तीन हजार सहाशे.

बाईंनी वही दाखवल्यावर कार्यालयाची समिती बसली. चाळीस हजार हा आकडा आता वयाने मोठा झाला असून त्याला उलट बोलणं बरं दिसत नाही, असं ठरलं. सुट्टीच्या वेळात घरोघर जाऊन मोजायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

मामांना वहीची हकीकत कळली तेव्हा ते जरा सावरून बसले. मग हळूच म्हणाले, “पण लोकांच्या घरात गेले किती?”

त्या काळी टीव्ही असलेली घरं देशात ऐंशी लाख. रोज बारा घरांचा नेम धरला तर अठराशे सव्वीस वर्षं लागतात. मामांना तेवढी सवड नाही, म्हणून बाईंनी जवळच्या गल्ल्या आधी घेतल्या. आज सकाळी त्या चपला घालून, छापील तक्ता घेऊन, दाराचा आवाज न करता बाहेर पडल्या.

तुमची गल्ली चौथी आहे. माळ्यावरचं खोकं झटकून ठेवा. ‘मुलांच्या अभ्यासासाठी घेतला होता’ असं सांगताना संकोचू नका. तक्त्यात तो रकाना सगळ्यात रुंद ठेवला आहे.