दोन कडवी राहिली होती

लिस्बनच्या लोकांचा चांगुलपणा इल्झेच्या मुळावर आला होता. पोर्तुगीज शिकायला ती लॅटव्हियाहून आली त्याला नऊ महिने झाले. व्याकरण तोंडपाठ, वर्गात पहिला नंबर. पण पावाच्या दुकानात तिने घोकून आणलेलं वाक्य अर्ध्यावर येतं न येतं तोच समोरचा हसून इंग्रजीत उत्तर द्यायचा. पाहुणीला उगीच त्रास कशाला, एवढाच त्याचा हेतू. ट्रामवाला इंग्रजीत, घरमालकीण इंग्रजीत; एकदा तर तिचा खिसा कापू पाहणारा पकडला गेला, त्यानेही इंग्रजीतच माफी मागितली. रविवारी तिचं परतीचं विमान होतं. या गावाने आपल्याला पाट मांडला, पण दाराबाहेर, असं तिला वाटे, आणि त्याचं तिला फार वाईट वाटे.

म्हणून गुरुवारी संध्याकाळी ती टेकडीवरच्या बाल्ताझारच्या खानावळीत शिरली. दर गुरुवारी तिथे गल्लीतलीच माणसं उठून फादो, म्हणजे इथली विरहाची गाणी, गात. पर्यटक तिथवर चढत नसत.

"एक भाजलेलं सॉसेज द्या आणि लाल वाइन," तिने अस्खलित पोर्तुगीजमध्ये सांगितलं.

"अवश्य, मॅडम. आपण कोणत्या देशाच्या?" बाल्ताझारने इंग्रजीत विचारलं.

तिने निमूटपणे देशाचं नाव सांगितलं.

सॉसेज मातीच्या पसरट भांड्यात आलं. बाल्ताझारने त्याखाली एका जगमधून कडक दारू ओतली, काडी लावली, आणि निळ्या ज्वाळेवर सॉसेज चरचरू लागलं. तेवढ्यात दिवे मंद झाले. फादो सुरू झाला की बोलायचं नाही, चावायचं नाही, हलायचंही नाही. हे लोक चर्चमध्ये कुजबुजतील, पण इथे नाही. इल्झेने काटा खाली ठेवला. बाल्ताझार कॉड माशाच्या तीन बशा घेऊन दारातच खांबासारखा उभा राहिला.

गायला उठला होता झेफेरिनो, निवृत्त ट्रामचालक. सात कडव्यांचं गाणं, तेही डोळे मिटून. दुसऱ्या कडव्याला इल्झेचा कागदी रुमाल घसरून भांड्याला टेकला. तिसऱ्याला टेबलावरचा कागद कडेने काळा पडत चालला. इल्झेने शेजारच्या बाईकडे पाहिलं. बाईने ओठांवर बोट ठेवलं. चौथ्या कडव्याला इल्झेने अंधारात हाताला लागला तो पाण्याचा जग हळूच ओतला. तो पाण्याचा नव्हता. बाल्ताझार आपला दारूचा जग तिथेच विसरला होता.

ज्वाळा हातभर उठल्या. आता सगळ्यांना दिसलं, आणि सगळे गप्प बसले. बाल्ताझार भुवयांनी काहीतरी सुचवत होता. गाणं लवकर आटपावं म्हणून साथीच्या गिटारवाल्यांनी लय वाढवली. झेफेरिनोला ती घाई मुळीच आवडली नाही. त्याने डोळे आणखी घट्ट मिटले आणि पाचवं कडवं दुप्पट सावकाश घेतलं.

ते संपताच इल्झे उभी राहिली आणि वर्गातल्या पोर्तुगीजमध्ये म्हणाली, "बाल्ताझारसाहेब, तसदीबद्दल क्षमा असावी. आपणास सवड असल्यास कळवू इच्छिते की आपलं टेबल पेटलं आहे."

गाणं थांबलं. झेफेरिनोने डोळे उघडले. बाल्ताझारने कॉडच्या बशा जवळच्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर ठेवल्या, कोबीच्या सूपचं पातेलं उचललं आणि टेबलावर रिकामं केलं. मग तो तिच्याकडे वळला.

"दोन कडवी राहिली होती. तेवढा दम नाही निघाला तुला?"

"टेबल जळत होतं."

"माझं टेबल आहे, जळू दे. टेबल उद्या दुसरं आणीन. झेफेरिनो सत्तरीचा झालाय, दुसरा झेफेरिनो कुठून आणू?"

"आणि दारूचा जग माझ्यापुढे कोण विसरलं?"

"वर मलाच विचारतेस? हुंगून बघायचं नाही ओतण्याआधी?"

"अंधारात? तुमच्याकडे पाणी हुंगून पितात का?"

"पोरगी बरोबर बोलतेय," शेजारची बाई म्हणाली. "माझी शाल अशीच गेली गेल्या वर्षी."

"तू मध्ये पडू नकोस, लुसिंदा. आणि तू गं, नुसती जीभ चालवतेस, तुझ्या आईने तुला काही..."

इथे बाल्ताझार अडखळला. ही परदेशी पाहुणी आहे हे त्याला आत्ता आठवलं. त्याने एप्रनला हात पुसले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि इंग्रजीत सुरुवात केली, "मॅडम, मी आपली मनापासून..."

नऊ महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी इल्झेसाठी सावकाश बोललं नव्हतं, हसलं नव्हतं, सरळ पोर्तुगीजमध्ये 'तू गं' म्हणालं होतं. तिने सूप ठिबकणारी खुर्ची ओढली आणि तीवर ऐसपैस बसली.

"माफी राहू द्या," ती पोर्तुगीजमध्ये म्हणाली. "तुम्ही माझ्या आईपर्यंत आला होतात. तिथून पुढे बोला."