अनंतभावजींचं फाटक

आमचे शेजारी अनंतभावजी घरी यायचे असतील, तर आधी घरातले चौकोन लपवून ठेवावेत. स्टूल असो, मांडणी असो की पडवळाचा मांडव, भावजी कोपरा धरून हलवून बघणार आणि म्हणणार, "लवंडला हो चौकोन! त्रिकोण घाला, वहिनी. त्रिकोण हलत नाही." दुसऱ्या दिवशी तिथे तिरपी पट्टी ठोकलेली असतेच. माझं कोंबड्यांचं खुराडं इतकं भक्कम झालंय, की वादळ आलं तर आम्हीच आत जाऊन बसू. देव्हाऱ्याला तेवढा मी हात लावू दिला नाही.

भावजींचा जन्म गेला जुन्या लोखंडी पुलांवर. सांध्यातलं एकेक रिव्हेट हातोडीने ठोकायचं आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर घट्ट, बद्द वाजलं तर ढिलं. ती खोड अजून आहे. पालीच्या बाजारात नारळसुद्धा असे ठोकत बसतात, की नारळवाली म्हणाली, "काका, नारळ घ्यायचाय की आत कोण आहे ते विचारताय?"

आमच्या नदीवरही असाच एक पूल होता, सगळा लोखंडी त्रिकोणांचा. संध्याकाळची एसटी त्यावर चढली की तो खडखडाट अख्ख्या वाडीला ऐकू यायचा. भावजींची बायको कमल तो ऐकून चहाचं आधण ठेवायची. भावजी पायरी चढले की कप हातात! पुढे शेजारी सिमेंटचा पूल झाला आणि जुना भंगारात गेला. कमलही गेली. एसटी हल्ली कधी येते, कळतसुद्धा नाही.

तर एवढ्या जगाला पट्ट्या मारणाऱ्या ह्या माणसाचं स्वतःचं फाटक मात्र लोंबलेलं. उघडताना चिऱ्यावर असं खरडत जायचं, की माडावरचे कावळे उडायचे. मला वाटलं, लोकांचं करता करता स्वतःचं राहिलं बिचाऱ्यांचं. ते लेकीकडे पावसला गेले तेव्हा मी वेल्डर बोलावला आणि फाटकाला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पट्टी मारून घेतली. एका बोटाने उघडायला लागलं. चूं नाही की चां नाही.

भावजी आले, फाटक हलवून म्हणाले, "त्रिकोण बरोबर पडलाय हं." मी अशी फुगले म्हणता!

आठवड्याने बघते तर पट्टी कापून काढलेली. फाटक पुन्हा लोंबतंय. मी तावातावाने गेले. "काय हो भावजी, माझ्या त्रिकोणात काय खोट निघाली?"

"खोट कसली, वहिनी?" ते हातातली हातोडी उगाच फिरवत राहिले. "परवा तुम्ही ओट्यावर घावणं ठेवून गेलात ना, ती पार थंड झाल्यावर मला दिसली. मी आतच होतो हो. फाटक वाजलंच नाही." मग म्हणाले, "पूल गेल्यापासून कुणी आलेलं कळायला तेवढंच राहिलंय."

आता मी जाते तेव्हा फाटक चांगलं रेटून, चिऱ्यावर खरडवत उघडते. कावळे उडतात. आतून हाक येते, "या वहिनी, आधण ठेवलंय!"